‘हॅलिबट’ पबचा लागरचा नळ आणि माझी इतर मालमत्ता

मी, एनिड मार्जोरी ब्लेंकिन, कै. क्लिफर्ड ब्लेंकिन यांची पत्नी, वय अठ्ठ्याऐंशी, राहणार १७, सबाइन टेरेस, हेसल रोड, हल, पूर्वीचा धंदा ‘हॅलिबट’ हा पब चालवणे, आज हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. पोटातले दुखणे अजून तिथवर चढलेले नाही, आणि तसे पत्र डॉक्टरांनी दिले आहे ते सोबत जोडले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून माझा हातही धरलेला नाही. २००१ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील श्रीमती फिलिपा ऑक्सटोबी यांनी करावी. त्यांनी मला बजावले, “मिसेस ब्लेंकिन, कोणाला काय द्यायचं एवढंच लिहा. का द्यायचं ते लिहायची गरज नसते.” मी त्यांना म्हटले, “बाई, एक्केचाळीस वर्षं मी बारमागे उभी राहिले. का ते सांगितल्याशिवाय एकही गिऱ्हाईक उठून घरी गेलं नाही. मी तरी कशी जाऊ?” त्या हसल्या आणि मला जास्तीचे कागद देऊन गेल्या.

कलम २. वर लिहिलेले राहते घर, आतल्या सर्व वस्तूंसह, माझी एकुलती मुलगी अ‍ॅव्हरिल हिला द्यावे. मागचे दार पावसाळी हवेत फुगते. त्याला लाथ मारायची नाही, खांद्याने ढकलायचे. तिचे वडील लाथ मारायचे, म्हणून खालची फळी तीनदा बदलावी लागली.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. उरेल त्यातला निम्मा भाग अ‍ॅव्हरिलला, आणि निम्मा आमच्या रस्त्यावरच्या बायकांच्या त्या मंडळाला, जे समुद्रातून परत न आलेल्या खलाशांच्या घरच्यांसाठी काम करते. पावती मागू नये.

कलम ४. क्लिफर्डची हत्यारे, म्हणजे पिंपाचे बूच ठोकायचा लाकडी मोगरा, बिअरची पातळी मोजायची पितळी पट्टी, तळघरातला थर्मामीटर आणि चामड्याचा एप्रन, ही अ‍ॅव्हरिलच्या छोट्या ब्रुअरीत जावीत. ती वापरायची आहेत. भिंतीवर टांगून खाली दिवे लावायचे नाहीत. तशी हौस करणारे पब मी पाहिले आहेत. तिथली बिअर आंबट असते.

कलम ५. माझी नणंद डॉरिस हिला निळ्या फुलांचा चहाचा संच द्यावा. २००१ च्या कागदात मी तिला काहीही देऊ नये असे लिहिले होते. कारण असे की, १९५९ साली तिने भर बारमध्ये मला ऐकवले होते, “वहिनी, माझ्या भावाचा चांगला पब तू लिंबाच्या सरबतावर बुडवणार आहेस.” पब बुडला नाही. डॉरिस आता एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि दर रविवारी बिंगो खेळताना लागर बिअरमध्ये लिंबाचे सरबत घालून पिते. मी स्वतः पाहिले आहे. तिनेही पाहिले की मी पाहिले. त्या दिवशी माझा राग फिटला. संच तिने माझ्या हयातीतच मागितला तरी मिळेल, पण तिने मागायला हवा.

कलम ६. चांदीचा मुलामा दिलेली बर्फाची बादली डेन्मार्कमध्ये एस्बियर्ग येथे राहणाऱ्या कारेन मिकेल्सन हिला पाठवावी. ती बादली तिच्या वडिलांनी मला दिली होती. कुठून आणली ते मी त्यांना कधी विचारले नाही. तिच्यावर एका आगबोट कंपनीचे नाव कोरलेले आहे, त्यावरून कारेनने काय समजायचे ते समजावे.

मी आणि क्लिफर्डने १९५८ साली पब घेतला तेव्हा आमच्याकडे शंभर ग्लास बिअर खपली तर त्यात लागरचे दोनही नसत. इथे बिअर म्हणजे एल. तपकिरी, तळघराइतकीच थंड, लाकडी मुठीच्या हातपंपाने पिंपातून वर ओढलेली. लागर म्हणजे परदेशातून बाटलीत बंद होऊन आलेली पिवळी बिअर. ती वरच्या फळीवर शेरी वाइनच्या बाटल्यांशेजारी धूळ खात असे. आमच्याकडे ‘हावनबोर्ग’ नावाची डॅनिश लागर होती, बारा बाटल्या. त्या बारा बाटल्यांना मी वर्षभर फडके मारले.

पहिले गिऱ्हाईक पॉल मिकेल्सन. लोणी आणि बेकन घेऊन येणाऱ्या डॅनिश बोटीवर तो वाढपी होता. आपल्या देशाची बाटली बघून त्याचा चेहरा उजळला. एक घोट घेतला आणि तो विझला.

“बाई, ही बिअर आहे की आंघोळीचं पाणी?”

“तुमच्याच देशाची आहे,” मी म्हटले.

“आमच्या देशात ती गार असते.”

दुसऱ्या दिवशी मी जस्ताची बादली घेऊन मासळीच्या गोदीवर गेले. तिथे ट्रॉलरमध्ये भरायला बर्फाच्या लाद्या फोडत. बर्फवाल्याला वाटले मी मासे ठेवायला नेते आहे. त्या संध्याकाळी आमच्या रस्त्यावर पहिल्यांदा कोणीतरी गार लागर विकली. पॉल तीन बाटल्या प्यायला आणि पुढच्या फेरीला त्याने ती चांदीची बादली आणली. म्हणाला, “जस्ताला माशाचा वास येतो.”

वास तर आमच्या सगळ्या रस्त्यालाच येत असे. मासे साफ करणाऱ्या बायका शुक्रवारी काम सुटल्यावर पबच्या बाजूच्या खिडकीशी उभ्या राहायच्या, रुमाल बांधलेल्या, हात गारठून लाल झालेले. पुढच्या खोलीत पुरुष. बाईने तिथे पाइंटचा मोठा ग्लास हातात धरला की लोक माना वळवून बघत. मी मागची खोली उघडली. उंच दांड्याचा ग्लास, त्यात गार हावनबोर्ग, वर लिंबाच्या घट्ट सरबताचा एक थेंब. तो ग्लास हातात घेऊन बसलेल्या बाईला कोणी काही बोलू शकत नव्हते. महिन्याभरात मागच्या खोलीत वीस बायका बसू लागल्या. नवरे समुद्रावर तीन-तीन आठवडे. ज्या दिवशी ट्रॉलर निघे त्या दिवशी त्या घरात कपडे धूत नसत, माणूस वाहून जातो म्हणून. पण शुक्रवारी येत. हसत, एकमेकींना धक्के देत, कधी एखादी एकदम गप्प होई आणि बाकीच्या तिच्याभोवती सरकत.

क्लिफर्ड दारात येऊन बघायचा. “एनिड, हा पब आहे की सरबताचं दुकान?”

“तू पुढची खोली बघ. पाठीमागची माझी.”

“तुझीच तर आहे,” तो म्हणायचा आणि ग्लास धुवायला घेऊन जायचा. तो स्वतः लागरला शिवत नसे, पण त्या उंच ग्लासांवर कधी डाग राहू दिला नाही.

कलम ७. माझ्या माळ्यावर जुन्या पडद्यात गुंडाळलेला लागरचा नळ आहे. चकचकीत, वर ‘हावनबोर्ग’ असे लाल अक्षरांत लिहिलेला, आत दिवा असलेला. तो अ‍ॅव्हरिलला द्यावा. त्यासोबत पुढचा मजकूरही तिलाच दिला आहे असे समजावे.

अ‍ॅव्हरिल, तू अकरा वर्षांपूर्वी ब्रुअरी काढलीस आणि पहिल्या एलला बाबांचे नाव दिलेस. बाटलीच्या पाठीवर छापलेस: ‘१९७४ साली एका मोठ्या ब्रुअरीने माझ्या वडिलांच्या आजारपणाचा फायदा घेऊन त्यांचे हातपंप उपटून नेले. त्यांचे मन मोडले. ही एल त्यांच्यासाठी.’ तू ते दरवेळी बोलूनही दाखवतेस, लोक टाळ्या वाजवतात, आणि पहिल्या रांगेत मीही वाजवते.

ते तसे घडले नाही.

त्या सुमारास परदेशी लागरची नावे इथल्या कारखान्यांनी घेतली होती. नाव डेन्मार्कचे, हॉलंडचे, जर्मनीचे. पाणी आपल्याच देशातल्या मिडलंड्सचे, आणि जोरही मूळच्यापेक्षा कमी. टीव्हीवर रोज जाहिराती. आमचा पब ज्या ब्रुअरीकडून भाड्याने होता तिचे पिकर्सगिल साहेब कागद घेऊन आले. चारपैकी तीन हातपंप काढायचे, त्या जागी लागरचा नळ बसवायचा. क्लिफर्डने कागद वाचलासुद्धा नाही.

“पिकर्सगिल साहेब, माझ्या तळघरात जी आहे ती जिवंत बिअर आहे. तुमची ती गॅसनं ढकलल्याशिवाय वर यायला तयार नाही. तिलाच यायचं नाही, तर तुम्ही कशाला आग्रह करता?”

सगळा बार हसला. पिकर्सगिल साहेबही हसले आणि कागद परत खिशात घातला.

फेब्रुवारीत क्लिफर्डला न्यूमोनिया झाला. सहा आठवडे तो इस्पितळात होता. तू बारा वर्षांची होतीस. त्याच दिवसांत वीज जायची, आपण बारवर मेणबत्त्या लावायचो, आठवते का? पिकर्सगिल साहेब पुन्हा आले. “मिसेस ब्लेंकिन, करार तुम्हा दोघांच्या नावावर आहे. तुमची सही चालते.”

मी सही केली.

मी घाबरून केली असे मला लिहिता आले असते. डॉक्टर म्हणाले होते की याच्या छातीला तळघराचा गारठा सोसणार नाही, तेही खरे. पण या कागदावर मला खोटे लिहायचे नाही. मला तो नळ हवा होता. तरुण पोरे समुद्रावरून यायची आणि लागर मागायची, बायकाही आता पाइंटने मागायच्या, आणि मी सोळा वर्षे बाटल्या उघडून मनगट दुखवून घेतले होते. मला वाटले, आता माझीही बिअर नळातून येऊ दे. चार दिवसांत मिस्त्री येऊन गेले.

बाबा घरी आले तेव्हा तू त्यांचा हात धरून होतीस. ते बारपाशी उभे राहिले. पंप काढले तिथे लाकडात स्क्रूची भोके राहिली होती, त्यांवरून बोट फिरवत म्हणाले, “विचारलंसुद्धा नाही त्यांनी?”

मी म्हटले, “नाही.”

तो एक शब्द. तोच तू बाटलीवर छापला आहेस.

त्यानंतर क्लिफर्ड तळघरात उतरेनासा झाला. लागरसाठी ब्रुअरीचा माणूस यायचा. क्लिफर्ड वर उभा राहून ग्लास भरायचा, पैसे घ्यायचा, “थँक यू” म्हणायचा. बस. वसंतात पॉल आला. मी मोठ्या ऐटीत नळातला ग्लास त्याच्यापुढे ठेवला. त्याने सावकाश एक घोट घेतला.

“छान आहे,” तो म्हणाला. “काय आहे हे?”

“हावनबोर्ग! वाचता येत नाही का?”

पॉलने नळावरचे नाव वाचले, मग ग्लासात बघितले. “असं? मग मी डॅनिश नसणार. आईला विचारायला हवं.”

क्लिफर्ड हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा. मी मागच्या खोलीत जाऊन रडले, कारण तो हसला होता आणि मी त्याला खरे सांगितले नव्हते.

मग १९७६ चा उन्हाळा. मासळीची गोदी आदल्या वर्षी बंद झाली होती, आणि त्या जूनमध्ये आइसलँडशी चाललेला मासेमारीचा झगडा आपण हरलो. सगळा रस्ता घरी बसलेला. उमेदीची वर्षे समुद्रावर गेलेली माणसे दुपारी पबमध्ये येऊन नुसती बसायची. ऊन असे की रस्त्याचे डांबर चपलेला चिकटायचे. आणि ऑगस्टमधल्या एका शनिवारी तळघरातले गार करायचे यंत्र बंद पडले. नळातून नुसता फेस. बारवर चाळीस माणसे. ब्रुअरीत फोन केला तर म्हणाले, सोमवारी.

क्लिफर्डने माझ्याकडे बघितले, बाह्या वर केल्या आणि तळघरात उतरला. अडीच वर्षांनी. तासाभरात नळ सरळ वाहू लागला.

मी खाली गेले. त्याने पिंपांवर भिजवलेली पोती टाकली होती, मासेवाल्याकडून बर्फ आणवून नळीभोवती रचला होता, उन्हाच्या बाजूची झडप बंद करून उत्तरेची उघडली होती. आणि तो उलट्या खोक्यावर बसला होता, एका पिंपावर तळहात ठेवून. तू गोवराने आजारी होतीस तेव्हा तुझ्या कपाळावर ठेवायचा तसा.

“क्लिफ, तुला तर ही आवडत नाही.”

“नाही आवडत. पण तापलीय बिचारी. तळघर माझं आहे, एनिड. इथं कोण आजारी पडलंय ते विचारून औषध द्यायचं नसतं.”

मी पायरीवर बसले आणि म्हटले, “सही मी केली होती.”

वरून माणसांचे आवाज येत होते.

“घाबरलीस?”

“नाही. मला हवा होता तो नळ.”

“मग मागायचास,” तो म्हणाला. “मी नाही म्हटलं असतं. तू भांडली असतीस. आठवडाभर आपण बोललो नसतो. आणि मग मी हो म्हटलं असतं. ते आपलं भांडण होतं, एनिड. ते तू मला न विचारता त्या पिकर्सगिलला देऊन टाकलंस.”

मी रडत होते. त्याने मला जवळ घेतले नाही, हात पिंपावरच ठेवला. पण खोक्यावर थोडा सरकला. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. फार गार होते तिथे, आणि फार बरे वाटले.

वर जाताना म्हणाला, “अ‍ॅव्हरिलला सांगू नकोस. तिला ब्रुअरीवर रागावू दे. ब्रुअरीला काही लागत नाही.”

त्यानंतर दर गुरुवारी तो लागरच्या नळ्या स्वतः धुवायचा. तीन वर्षांनी लोकांना पुन्हा एल हवीशी झाली आणि दोन हातपंप परत बसले. त्याच भोकांत. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि ब्रुअरी हरली म्हणून नाचलीस. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत उभे होतो.

तर बाबांचे मन मोडले ते खरे, पण मोडले मी. आणि ते जुळले, हे तुझ्या बाटलीवर नाही. लेबल बदलायचे की नाही ते तू ठरव. परवा मी दुकानात चष्मा लावून लागरच्या बाटल्यांच्या पाठी वाचल्या. स्पेनच्या नावाची, इटलीच्या नावाची, जपानच्या नावाची. बऱ्याच याच बेटावर भरलेल्या. मला राग आला नाही. माणसाला लांबचे काहीतरी हवे असते. पण तुझ्या बाटलीवर जवळचे लिहिले आहे, म्हणून सांगितले.

कलम ८. मला जाळावे. भाषणे नकोत. फुले आणली तर लिली नकोत, मला शिंका येतात. मी शिंकणार नाही हे मला कळते, तरीही नकोत.

कलम ९. हे कलम वरचे सर्व लिहून झाल्यावर, सहा दिवसांनी लिहीत आहे.

माझा बेत असा होता की कलम ७ अ‍ॅव्हरिलने माझ्या पश्चात वाचावे. पण ती बुधवारी सूप घेऊन आली, कागद टेबलावर होते, आणि मला एकदम वाटले की क्लिफर्डचे एक भांडण मी आधीच दुसऱ्याच्या हाती दिले आहे. हिचेही वकीलबाईंच्या हाती देऊन जाऊ का? मी तिला बसवले आणि वाचून दाखवले.

ती उठून निघून गेली. सूप मी तसेच फ्रीजमध्ये ठेवले. गुरुवारी फोन नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. रविवारी आली. कोट काढला नाही.

“अकरा वर्षं, आई. अकरा वर्षं मी माइक हातात घेऊन ते सांगतेय, आणि तू समोर बसून टाळ्या वाजवतेस!”

“तुझ्यासाठी वाजवत होते.”

“मला लाज वाटली असती तर चाललं असतं. खरं सांगायचं होतंस. आपण भांडलो असतो.”

“अगदी बाबांसारखी बोलतेस.”

“त्यांचं नाव काढू नकोस,” ती म्हणाली, आणि मग खुर्ची ओढून बसली. कोट अंगावरच. म्हणाली, “त्यांनी कधी चाखली तरी का ती? तुझी लागर?”

मग मी तिला ते सांगितले जे कोणालाच सांगितले नव्हते. १९९९ साली, शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात क्लिफर्डला काही गिळता येत नव्हते. परिचारिका म्हणाली, काडीवरचा स्पंज भिजवून ओठांना लावा, आवडेल ते. मी जॅमच्या बाटलीत आमच्या पिंपातली एल घेऊन गेले होते. त्याने मान हलवली. “ही नको. तुझी.” मी समोरच्या दुकानात धावत गेले, कोट न घालता. परत येऊन स्पंज भिजवला आणि त्याच्या ओठांना लावला. त्याने डोळे मिटले.

“काय म्हणाले?” अ‍ॅव्हरिलने विचारले.

“म्हणाले, ‘गार आहे.’”

“एवढंच? चव?”

“चवीबद्दल एक अक्षर नाही.”

ती हसू लागली आणि हसता हसता तिला रडू फुटले. मग तिने कोट काढला, सूप पुन्हा गरम केले आणि आम्ही दोघींनी एकाच वाडग्यातून खाल्ले, कारण दुसरा धुवायचा होता.

जाताना दारात थांबली. “नव्या टाकीचं बोलणं चाललंय माझं. थंड करायची टाकी. उद्या पैसे भरते. लागर करणार आहे मी. इथलं नाव लावून, इथं केलेली. ‘एनिड’.”

“मला नको नाव.”

“तुला विचारलं नाही.”

“आणि कधी होणार ती?”

“घाई नाही करायची तिच्यात. लागर म्हणजे मुळात ठेवून दिलेली, आई. गारठ्यात, अंधारात, नुसती ठेवायची आणि वाट बघायची. बारा आठवडे.” तिने माझ्याकडे सरळ बघितले. मी नाताळपर्यंत आहे असे डॉक्टर म्हणाले आहेत, आणि नाताळ सहा आठवड्यांवर आला आहे, हे तिला माहीत आहे. “बारा आठवडे लागतील. कमी नाही करता येणार.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. “टाक,” मी म्हटले. “मी थांबते.”

वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोड माझी आहे, आणि कोणालाही यातले काही माझ्या तोंडून ऐकायचे असेल तर अजून सवड आहे.

सही: एनिड मार्जोरी ब्लेंकिन

एनिड ब्लेंकिन यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत. या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळत नाही. चहा मात्र मिळाला.

साक्षीदार १: बर्नार्ड स्टॅदर्स, ट्रॉलरवरील निवृत्त इंजिनमिस्त्री, १९, सबाइन टेरेस, हल

साक्षीदार २: इफेओमा नवोसू, परिचारिका, हल

ठिकाण: हल
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२३